कार्डाची पाठ

व्हिजिटिंग कार्ड छापायला आलेलं गिऱ्हाईक आपलं नाव पहिल्यांदा कधीच सांगत नाही. आधी वरची ओळ ठरते. नांदेडला वजिराबादच्या अंगाला माझ्या मामांचा लहानसा छापखाना होता आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथं प्रुफं तपासायला बसायचो. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून आणलेला मजकूर मामा हातात घेत, चष्मा कपाळावर सारत आणि विचारत, “वर काय टाकायचं?” माहूरकडचा माणूस म्हणे, श्री रेणुकामाता प्रसन्न. लोह्याकडचा असला तर माळेगावचा खंडोबा. लातूरचा व्यापारी असला तर श्री सिद्धेश्वर. लिंगायत घरातला असला तर महात्मा बसवेश्वर, नाहीतर मन्मथस्वामी. तांड्यावरून शिकून पुढे आलेला कंत्राटदार जय सेवालाल सांगे. कुणाचं जय भीम, कुणाचं जय जिजाऊ, कुणाचं नुसतं 786, गुरुद्वारा भागातल्या सरदारजींचं इक ओंकार. ही ओळ ठरली की निम्मं कार्ड झालं. साडेतीन इंच बाय दोन इंचांच्या त्या तुकड्यावर नाव यायच्या आधीच माणूस कुठला आणि कुणातला, हे वाचणाऱ्याला कळलेलं असे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या कार्डांवर या जागी लोगो असतो. काम तेच.

मामांनी हा धंदा खिळे जुळवण्यापासून केला. ट्रेडल मशीन पायाने हाणायचं, एकेक कार्ड हाताने लावायचं नि काढायचं. मराठीतली जोडाक्षरं खिळ्यांच्या केसमध्ये नेमकी हवी तेव्हा संपलेली असत, म्हणून ‘श्रीकृष्ण’ नावाच्या गिऱ्हाइकाला थांबावं लागे. मग स्क्रीन प्रिंटिंग आलं, त्याचा रॉकेल आणि थिनर मिसळल्यासारखा वास आला, सोनेरी शाई आली. उर्दू मजकूर असला तर कातिबाकडे जाऊन लिहून आणावा लागे; पुढे संगणकावर ‘इनपेज’ आलं आणि कातिबाचं ते काम गेलं. शेवटी कोरल ड्रॉ. आता गिऱ्हाईक खुर्ची ओढून ऑपरेटरच्या शेजारी बसतं आणि “नाव जरा मोठं करा की” म्हणत राहतं.

नावाच्या खाली काय यावं, हा तर वेगळाच विषय. ‘अॅड.’, ‘प्रा.’, ‘इंजि.’ ही साधी माणसं. त्यांच्यावरचा मान ‘माजी’ लोकांचा : माजी सरपंच, माजी सभापती, माजी चेअरमन. आमच्या भागात ‘माजी’ हे पद आयुष्यभर टिकतं, चालू पदाला तर पाचच वर्षं. त्यांच्याही पुढचे ते ‘भावी’. भावी नगरसेवकाचं कार्ड मी स्वतः तपासून छापायला दिलेलं आहे. मामांना विचारलं, असं छापायचं का? ते म्हणाले, “छापाव. पैसे आजचे हायत ना?”

आणि पत्ता. घर नंबर, गल्ली नंबर कागदोपत्री असतात, कार्डावर त्यांचा उपयोग शून्य. आमचा पत्ता ‘समोर’, ‘मागे’, ‘बाजूला’, ‘वरचा मजला’ या शब्दांवर उभा. लातूरला तर गंजगोलाई म्हटलं तरी पत्ता पुरा होत नाही, कारण त्या गोल बाजारपेठेला 16 रस्ते येऊन मिळतात. कुठल्या रस्त्याला, कापडाच्या की सराफांच्या, हे सांगितल्याशिवाय माणूस देवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालत राहतो. म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर दुसऱ्या कुणाचं तरी दुकान असतं. एखाद्या प्रसिद्ध हॉटेलाचं नाव त्याच्या स्वतःच्या कार्डांपेक्षा शेजाऱ्यांच्या कार्डांवर जास्त छापलेलं सापडेल.

युरोपात एकोणिसाव्या शतकात या कार्डाचा केवढा सोहळा होता, ते वाचलं की गंमत वाटते. पाहुण्याने दारात उभ्या असलेल्या नोकराच्या हाती कार्ड द्यायचं, त्याने ते चांदीच्या तबकातून आत न्यायचं, मालकीणबाईंनी ‘घरी नाहीत’ असा निरोप पाठवायचा आणि दोघांनीही वाईट वाटून घ्यायचं नाही. कार्डाचा कोपरा दुमडलेला असला की समजायचं, माणूस स्वतः येऊन गेला. गाव सोडून जाताना ‘निरोप घेण्यासाठी’ या अर्थाची तीन फ्रेंच आद्याक्षरं कोपऱ्यात लिहायची. घरात मृत्यू झाला की कार्डाला काळी किनार. 1854 साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने त्याच आकाराच्या फोटोचं पेटंट घेतलं, आणि मग लोक एकमेकांचे चेहरेही कार्डासारखे गोळा करू लागले. इतकं सगळं करून त्या कार्डाचं मुख्य काम कोणतं, तर भेट टाळणं. दोन घरांमध्ये ठरावीक अंतर राखून ओळख जिवंत ठेवायची.

आमच्याकडे हे चाललं नसतं. दारात कुणी थांबतच नाही, तर कार्ड कुणाच्या हाती पाठवणार? फाटकाची कडी वाजते, “हायत का सर घरात?” असा आवाज येतो आणि उत्तर मिळेपर्यंत माणूस बैठकीत सतरंजीवर बसलेला असतो. चहा येतो. कार्ड निघतं ते उठताना, चपला घालता घालता. त्याचा अर्थ ‘मी आलो होतो’ असा नसतोच. अर्थ असतो ‘आता तुम्ही या’, किंवा त्याहून खरा म्हणजे ‘काही लागलं तर माझं नाव सांगा’.

नांदेडच्या रेल्वे स्टेशनाबाहेर या कार्डाचा आणखी एक अवतार दिसतो. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस आली की पंजाबातली कुटुंबंच्या कुटुंबं उतरतात. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला, ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली. त्या गोष्टीला 300 वर्षं झाली तेव्हा, 2008 मध्ये, शहराचे रस्ते रुंद झाले, यात्री निवास उभे राहिले. त्यानंतर टॅक्सीवाल्यांची कार्डंही वाढली. एका बाजूला गुरुमुखी, दुसऱ्या बाजूला हिंदी किंवा इंग्रजी, क्वचित कोपऱ्यात मराठी. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्याला नेऊन आणण्याची सोय त्यावर छापलेली. ड्रायव्हर बहुतेकदा इथलाच, मराठी नाहीतर दखनी बोलणारा. गुरुमुखीतली आपली स्वतःची बाजू त्याला वाचता येत नाही. मी एकाला विचारलं, त्यात चूक असली तर? म्हणाला, “फोन नंबर बरोबर है ना, बस.” त्याचं म्हणणं खरं होतं. अंकच तेवढे सगळ्यांचे सारखे. यात्रेकरू ते कार्ड घरी नेतो, पुढच्या वर्षी निघणाऱ्या शेजाऱ्याला देतो. लुधियानाकडच्या एखाद्या घरात फडताळात आमच्या नांदेडच्या पोराचं नाव पडून आहे, ही कल्पना मला फार आवडते.

पुढे मी बँकेच्या नोकरीत लातूरला गेलो आणि मार्केट यार्डातली कार्डं पाहिली. कार्डाचं खरं शिक्षण मला तिथं मिळालं. सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या बंडीच्या आतल्या खिशात प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी, तंबाखूची पुडी आणि आडत्याचं कार्ड. कडा गेलेलं, मधून दुमडलेलं, कधी घामाने निळं पडलेलं. ते तो कुणाला देण्यासाठी ठेवत नाही. दाखवण्यासाठी ठेवतो. मी अमक्याच्या आडतीचा माणूस आहे, मला ओळखणारं गंजात कुणी आहे, एवढं त्या कार्डाने सिद्ध होतं.

आणि ते उलटं करून पाहावं. पेरणीच्या तोंडाशी आडत्या कार्डाच्या पाठीवर दोन ओळी लिहितो : यांना खताच्या चार बॅगा द्याव्यात, माझ्या नावे मांडाव्यात. खाली सही. हे कार्ड घेऊन शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो, बॅगा उचलतो, आणि माल आला की पट्टीतून रक्कम वळती होते. व्याज काय लागलं, वजनात किती गेलं, त्याचा हिशोब वेगळा. त्यात शेतकरी किती नागवला जातो हे मी बँकेच्या काउंटरवरून पाहिलेलं आहे आणि त्याचं कौतुक मला सांगायचं नाही. पण आमच्या बँकेचं क्रेडिट कार्ड लातूरला पोचायच्या कितीतरी आधी जवळपास त्याच मापाचं हे कार्ड यार्डात चालत होतं. आमचं प्लास्टिकचं होतं आणि त्यासाठी सतरा कागद लागत. आडत्याला बॉलपेन पुरे.

तेव्हापासून मला हातात आलेलं कुठलंही कार्ड उलटून पाहायची सवय लागली. समोरची बाजू सगळ्यांची सारखी असते, छापखान्याची असते. पाठीवर माणसाचं अक्षर असतं.

ज्याला शिफारस म्हणतात तिची जागा म्हणजे ही पाठ. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं एकमेकांवर कायम गुरगुरतात. विभागीय आयुक्तालय कुणाकडे, यावरून तर रस्त्यावर उतरलेली आहेत. पण एका बाबतीत दोघांचं नशीब जोडलेलं. शिवाजीराव पाटील निलंगेकरांनंतर 1986 मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि 2008 मध्ये विलासराव देशमुखांनंतर अशोक चव्हाण. म्हणजे दोनदा राज्याची खुर्ची लातूर जिल्ह्यातून उठून थेट नांदेडला आली. इतक्या जवळ सत्ता असली की तिच्या भोवती माणसांची रिंगणं तयार होतात. नेत्याच्या जवळचा, त्याच्या जवळचा, त्याच्याही जवळचा. प्रत्येकाच्या खिशात कार्डं. शंकररावांची ख्याती ‘हेडमास्तर’ म्हणून, तिथं फाजील लाड चालत नसत असं जुने लोक सांगतात. पण बाहेरच्या रिंगणातल्या माणसाला हे कोण सांगणार? तो आपलं कार्ड काढी, मांडीवर ठेवी आणि पाठीवर लिही : सोबतचे गृहस्थ आपल्यातले आहेत, योग्य ते सहकार्य करावे.

या वाक्याचा मी बराच विचार केलेला आहे. ‘आपल्यातले’ हा त्यातला किल्लीचा शब्द. समोरच्या बाजूला छापलेल्या वरच्या ओळीचंच ते हस्ताक्षरातलं रूप. आणि ‘योग्य ते’ ही पळवाट. काम झालं तर ते कार्डाने झालं, नाही झालं तर ते योग्य नव्हतं. तारीख टाकायची की नाही, यातही खुबी असे. तारीख नसलेलं कार्ड पुन्हा वापरता येतं. एका गृहस्थांनी तर असं कार्ड लॅमिनेट करून घेतलेलं मी पाहिलं आहे, शाळेच्या दाखल्यासारखं. शाईच्या रंगावरून काम करायचं की नुसतं हो म्हणायचं ते साहेबाला कळतं, अशीही वदंता होती. हिरवी म्हणजे करा, निळी म्हणजे बघा. खरं-खोटं देव जाणे, पण कार्ड घेऊन निघालेला माणूस शाईचा रंग नीट निरखून घेत असे एवढं नक्की.

वशिल्याला नावं ठेवणं सोपं आहे, मीही ठेवतो. नोकरीच्या जागेसाठी, बदलीसाठी, ठेक्यासाठी निघालेलं कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी हक्काची जागा खातं. पण देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या एका माणसाचा विचार करा. बायकोच्या गळ्याला गाठ आहे. टाटा हॉस्पिटल परळला आहे एवढंच ठाऊक. आमदार निवासात जमिनीवर पाठ टेकायला मिळेल, असं कुणीतरी सांगितलेलं. त्याच्या खिशातल्या कार्डाच्या पाठीवर चार शब्द आहेत. त्या चार शब्दांनी रांग चुकत नाही, औषध स्वस्त होत नाही. फक्त खिडकीपाशी उभं राहून बोलायला तोंड फुटतं. रात्रभराच्या प्रवासाला निघताना माणसाला तेवढं लागतं, आणि सरकारने छापलेल्या कुठल्याही कागदाने ते मिळत नाही. आज दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नांदेडचं शंकररावांच्या नावाचं आणि लातूरचं विलासरावांच्या. तरी परळची गाडी रिकामी जात नाही.

दवाखान्याच्या कार्डाची पाठ मात्र मला सहन होत नाही. गावचा डॉक्टर शहरातल्या मोठ्या दवाखान्याचं कार्ड काढतो, पाठीवर आपलं नाव लिहितो आणि पेशंटला सांगतो, हे दाखवा, बिलात बघतील. बिलात बघतात ते उलट्या बाजूने. 2017 साली राज्य सरकारने डॉक्टरच्या या कमिशनला, म्हणजे ‘कट’ला, आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा करवून घेतला, पुढे तो कायदा झाला नाही. पेशंटला वाटतं आपल्याला ओळख मिळाली. खरं तर त्याच्या हाती त्याच्याच किमतीची चिठ्ठी असते.

कार्डांचाच, लातूरकडचा एक प्रसंग इथं आठवतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपलेले होते. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं माती-दगडाच्या भिंतींखाली गेली. त्या वर्षी तिकडच्या पत्र्याच्या शेडमधून सगळ्या जगाची कार्डं फिरली. अधिकारी, पत्रकार, संस्था, इंजिनिअर, परदेशी पाहुणे. प्रत्येकाने जाताना कार्ड दिलं, कारण हात रिकामे ठेवून निघणं अवघड होतं. किल्लारीच्या बाजूचे एक गुरुजी मला सांगत होते : ज्यांच्या घरात माणसांचा फोटोसुद्धा उरला नव्हता, त्यांच्याकडे मुंबई-दिल्लीच्या लोकांची कार्डं जमली होती. काही बायकांनी ती कुंकवाच्या डबीजवळ ठेवली. फोन कुठून करायचा, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. त्यांतली काही माणसं परत आली, वर्षानुवर्षं येत राहिली. भारतीय जैन संघटनेने 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांतली कितीतरी आज उभी आहेत. बाकीच्यांची कार्डं उरली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांतल्या अनेकांच्या वेशीवर, शाळांवर दात्यांच्या नावाच्या कोनशिला बसल्या. गावं बांधणाऱ्यांचं ऋण मोठं आहे, त्यांनी नाव कोरलं तर बिघडत नाही. पण गुरुजी म्हणाले ते लक्षात राहिलं : मेलेल्यांची नावं शोधायला लागतात, देणाऱ्यांची समोरच हायत.

नाव मागे ठेवण्याची आपली जुनी रीत याच्या अगदी उलटी. पंढरपूरला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. तिथं आपण जातो, गाव सांगतो, आणि ते आपल्या पणजोबांच्या हातची सही काढून दाखवतात. हे कार्ड आपण द्यायचं नसतं. दुसऱ्याने सांभाळलेलं असतं. आपण खाली आपलं आणि पोरांचं नाव लिहून परत यायचं.

कार्डांचा विषय निघालाच आहे तर परदेशातून घरी फोन करायच्या कार्डाबद्दलही थोडंसं. नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेजातून 1981 नंतर शिकून निघालेल्यांतली बरीच मुलं पुढं अमेरिकेत गेली. तिथल्या भारतीय किराणा दुकानात पाच डॉलर, दहा डॉलरची कार्डं मिळत. खरडून नंबर काढायचा, आधी एक नंबर, मग तो गुप्त नंबर, मग भारताचा 91 आणि नांदेडचा 2462. ‘तुमची एवढी मिनिटं शिल्लक’ हे यंत्र फक्त पोराच्या कानात सांगे. इकडे आईला काय माहीत? ती गल्लीतल्या लग्नाचं, म्हशीचं, नळाच्या पाण्याचं सविस्तर सांगत असे आणि पोरगा तिला मध्येच तोडत नसे. मिनिटं संपली की आवाज बंद. आईला वाटे, लाइन गेली. आमच्या शेजारच्या काकू अशा वेळी रिसीव्हर बराच वेळ कानाला धरून बसत. नंतर फोन फुकट झाले आणि बोलणं कमी झालं, असं सगळेच म्हणतात; मला ते पटत नाही. काकू आता रोज व्हिडिओवर नातवाला वरण-भात दाखवतात.

आता कार्ड कमी झालं आहे. गोलाईतल्या भाजीवाल्या मावशींच्या पाटीत क्यूआर कोडचा चौकोन उभा असतो. स्कॅन केलं की पडद्यावर नाव येतं, बहुधा मुलाचं, नाहीतर जावयाचं. मावशींचं स्वतःचं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नाही. सगळे त्यांना गावाच्या नावाने हाक मारतात. या चौकोनाला वरची ओळ नाही, देव नाही, ‘माजी’ नाही. पैसे जातात, टिंग वाजतं, संपलं. व्यवहार म्हणून उत्तम आहे. लातूरच्या ट्यूशन भागात शिकायला आलेली बाहेरगावची पोरंही आता मेसच्या कार्डावर खुणा करत नाहीत, तिथंही अॅप आलं आहे. पूर्वी घरून पैसे उशिरा आले तर मेसवाल्या काकू कार्डाच्या पाठीवर ‘बाकी’ लिहून आठ दिवस जेवू घालत. अॅपवर पैसे भरले नाहीत तर ताट लागत नाही.

मामांचा छापखाना त्यांच्या मुलाकडे आहे. परवा त्याने नवे नमुने दाखवले. दोन्ही बाजूंनी छपाई, मॅट लॅमिनेशन, वर चकचकीत उठावाची अक्षरं, मागे गुगल मॅप आणि सात सेवांची यादी. देखणी आहेत यात शंका नाही. मी खिशातून पेन काढून पाठीवर लिहून पाहिलं. उठत नाही. शाई घसरते.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी कार्ड छापायला टाकाल तेव्हा मागची बाजू कोरी सोडायला सांगा, आणि लॅमिनेशन नको म्हणा. वर देव कुठला घालायचा तो घाला, नावापुढे हवं ते लावा. पण कुणाला खताच्या चार बॅगा लागतील, कुणाला परळच्या खिडकीपाशी उभं राहावं लागेल, तेव्हा त्या पाठीवर बॉलपेन चाललं पाहिजे. साधं कार्ड स्वस्तही पडतं.